लवंग तेल व प्रतिजैविक यांचा जोडपरिणाम कसा तपासावा

रविवार पेठेत मिळणारे कोणतेही लवंग तेल या कामी घेऊ नये, घटकांचे विश्लेषणपत्र असलेलेच घ्यावे. प्रमाणित जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रहातून मागवता येतात. तेल पाण्यात विरघळत नसल्याने किंचित ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य) घालावे आणि प्लेटमधली निव्वळ ट्वीनची एक खाच तुलनेसाठी राखावी.

९६ खाचांच्या प्लेटमध्ये आडवे प्रतिजैविक आणि उभे तेल, दरवेळी प्रमाण निम्मे करत भरावे, मिलीलिटरमागे सुमारे ५ लाख जिवाणू सोडावेत आणि प्लेट ३५ अंश सेल्सिअसला १८ तास ठेवावी. तेलाची वाफ शेजारच्या खाचेतही शिरते (फसवे निकाल बहुधा इथेच जन्मतात), म्हणून झाकण घट्ट हवे.

जिवाणूंची वाढ रोखायला जोडीत पुरेसे ठरलेले प्रत्येकाचे किमान प्रमाण त्याला एकट्याने लागणाऱ्या प्रमाणाने भागून दोन्ही भागाकारांची बेरीज करावी, ती ०.५ किंवा कमी असेल तरच परिणाम परस्परवर्धक मानावा.