गाऊट झाला म्हणून वरण-भाकरी सोडू नका
वय 51, यावल तालुक्यात केळीची शेती. दोन वर्षांपूर्वी वैशाखात दिवसभर उन्हात केळीचा ट्रक भरला, पाणी जेमतेम दोन तांबे प्यायलो. रात्री ढाब्यावर काळ्या मसाल्याची कलेजी आणि दोन बिअर. पहाटे तीनला उजव्या पायाचा अंगठा असा ठणकू लागला की चादर टेकली तरी सहन होईना. विंचूच चावला असं वाटलं. हाच तो गाऊट: रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधा सुजण्याचा आजार.

शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून गरम तेलाने चोळलं आणि ठणका दुप्पट झाला. तुम्ही चोळू नका, शेकूही नका. पाय उशीवर ठेवा, रुमालात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ठणक्यावरची गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितकं बरं. अंगात ताप असेल तर घटकाभरही थांबू नका, सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

ठणका चालू असताना रक्तात युरिक ॲसिड नॉर्मलही दिसू शकतं. माझं 6.4 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं; तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर 9.1. साधारण 6.8 च्या वर ते रक्तात नीट विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे खडे सांध्यात धरतात.

मग जो भेटेल तो म्हणे, डाळ बंद कर. दीड महिना वरण नाही, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी नाही, पालक नाही. बायको रोज वेगळं रांधून थकली आणि माझा अशक्तपणा वाढला. डाळींत, पालेभाज्यांत प्युरीन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) असतं हे खरं, पण त्यांनी गाऊट वाढतो असं आढळलेलं नाही. डॉक्टरांनी हे समजावलं त्या दिवसापासून वरण परत ताटात आलं.

सोडायचं ते वेगळंच. कलेजी, गुर्दा, भेजा पूर्ण बंद. मटण महिन्यातून एकदा, तेही दोन फोडी. रस्सा ओरपायचा नाही, कारण प्युरीन रश्शात उतरतं. सुकट, बोंबील कमी. बिअर तर नकोच, देशीही नको. बाटलीतलं गोड कोल्ड्रिंकही युरिक ॲसिड वाढवतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस मी एकच वाटी घेतो.

शेतात जाताना पाण्याची कॅन सोबत असते, दिवसाला तीन लिटर तरी पितो. किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा. दुपारी लोणी काढलेलं ताक. कडक उपवासही नको: नवरात्रात नुसत्या पाण्यावर राहिलो आणि सातव्या दिवशी अंगठा पुन्हा सुजला. वजन मात्र हळूहळू उतरवलं, आठ महिन्यांत सात किलो.

एवढं पथ्य पाळूनही युरिक ॲसिड एखाद्याच अंकाने उतरतं. 6 च्या खाली आणायला मला ॲलोप्युरिनॉल ही गोळी लागली. सुरुवातीच्या महिन्यांत गोळी चालू असतानाही ठणका येऊ शकतो, म्हणून घाबरून ती थांबवू नका. बरं वाटतंय म्हणून मी एकदा मनानेच थांबवली होती. दोन महिन्यांत पुन्हा लंगडत होतो. आता 5.4 आहे. गोळ्यांची डबी पाण्याच्या कॅनशेजारीच ठेवतो, शेतात निघताना दोन्ही एकदमच हाताला लागतात.