जुना प्रोजेक्शन टीव्ही घेताय? आधी यूपीएस घ्या

टीव्ही बघायला जाण्याआधी यूपीएसचे, म्हणजे लाईट गेली की लगेच बॅटरीवर वीज देणाऱ्या डब्याचे, पैसे बाजूला काढून ठेवा. स्टॅबिलायझरचे नव्हेत, यूपीएसचे. मी मागच्या वेळी चांगला मोठा स्टॅबिलायझर घेतला आणि काळजी मिटली असं समजलो. मग आमच्या बेळगावकडच्या खानापुरातला जुलै आला. भर पावसात लाईट गेली, दोन मिनिटांत आली, परत गेली, परत आली. तिसऱ्या खेपेला टीव्हीच्या पोटातून फट्ट आवाज झाला. आई आतून ओरडली, "काय फुटलं रे?" लॅम्प फुटला होता. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, गेलेली लाईट त्याला आणता येत नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या. रिअर प्रोजेक्शन टीव्ही म्हणजे खोक्यात बसवलेला प्रोजेक्टर. आतल्या लॅम्पचा उजेड आरशावरून पडद्याच्या मागच्या बाजूला पडतो. डीएलपी (चिपवरच्या बारीक आरशांनी चित्र बनवणारा) आणि एलसीडी प्रकारांत बहुतेक पाऱ्याच्या वाफेचा लॅम्प असतो, आत प्रचंड दाब आणि प्रचंड उष्णता. रिमोटने बंद केला तरी पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो, तो लॅम्प निववायला. लाईट एकदम गेली की पंखाही थांबतो आणि लॅम्प तसाच तापलेला राहतो. त्यात लाईट लगेच आली आणि तापलेला लॅम्प परत पेटवला तर त्याच्यावर भलताच ताण येतो. यूपीएसवर सिनेमा संपवायचा नाही. टीव्ही रीतसर बंद करून पंखा थांबेपर्यंतची पाच मिनिटं फक्त हवीत. टीव्हीच्या मागे लिहिलेले वॅट बघा आणि त्याहून बऱ्यापैकी जास्त वॅटचा यूपीएस घ्या. यूपीएसवर लिहिलेले व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॅट एक नव्हेत, वॅटचाच आकडा बघा. घरात इन्व्हर्टर आहे म्हणाल, तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. नाहीतर लाईट बदलताना जो क्षण जातो तेवढ्यातही टीव्ही बंद पडू शकतो.

आता टीव्हीकडे वळू. नवे कुणी बनवत नाही. शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीनेही २०१२ च्या डिसेंबरात हे काम थांबवलं. म्हणजे मिळेल तो जुनाच, गोव्याहून, कोल्हापूरहून, नाहीतर पुण्याहून कुणी काढलेला. म्हणून मॉडेल नंबर आधी मागवा आणि त्याचा लॅम्प आज मिळतो का ते खात्री करून घ्या. मिळत नसेल तर फुकट दिला तरी नको. माझा टीव्ही त्यामुळेच माळ्याखाली पडून राहिला, लॅम्प शेवटपर्यंत मिळाला नाही.

बघायला गेलात की किमान अर्धा तास चालू ठेवायला लावा. डीएलपी असेल तर अंधारा प्रसंग लावा. पडद्यावर न हलणारे पांढरे ठिपके दिसले की चिपवरचे बारीक आरसे अडकलेत, ठिपके वाढतच जातात, सोडून द्या. काहींना डीएलपीवर नजर फिरवताना इंद्रधनुष्यासारखे रंग चमकतात आणि डोकं दुखतं, तेव्हा घरातली माणसं बरोबर न्या. एलसीडीत पांढरा पडदा लावून निळसर-पिवळे डाग शोधा. तीन नळ्यांचा सीआरटी (जुन्या पिक्चर ट्यूबचा प्रकार) असेल तर अक्षरांच्या कडांना लाल-निळी झालर आहे का, चॅनेलचा शिक्का कोपऱ्यात जळून राहिलाय का बघा. त्याला हा लॅम्प नसतो हे खरं, पण वजन शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतं. गल्लीतल्या जुन्या घराचा जिना चढवायला चार माणसं लागतात.

अमेरिकेहून आणलेला सेट असेल तर ११० व्होल्टचा आहे का विचारा, आणि आपल्या सेट-टॉप बॉक्सचे ५० हर्ट्झ घेतो का तेही. बॉक्सची एचडीएमआय केबल लावायची जागा हवीच.

बसायचं अंतर: ६० इंची, फुल एचडी असेल तर साधारण साडेसात फूट. याहून महत्त्वाची गोष्ट उंची. या पडद्यांचं चित्र समोरून झकास दिसतं, वरून किंवा खालून बघितलं की काळवंडतं. आपल्याकडे निम्मी माणसं चटईवर बसतात. सोफ्याच्या हिशेबाने उंच स्टँड केलात तर खालच्या मुलांना काहीच धड दिसणार नाही. सगळे कुठे बसतात ते आधी ठरवा, मग स्टँड करा.

आणताना उभाच आणा, आडवा नको. चोर्ला घाटातून येणार असाल तर खाली गाद्या. पावसाळ्यात आणूच नका. आतला आरसा फडक्याने पुसू नका, त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो, ओरखडे कायमचे. लॅम्पच्या काचेला बोट लावू नका. फुटलाच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, पारा आहे तो. मागे भिंतीपासून जागा सोडा. खिडक्यांचे पडदे जाड.

आणि यूपीएस आणला त्याच दिवशी टीव्ही जोडू नका. रात्रभर चार्ज होऊ दे, सकाळी ६० वॅटचा साधा बल्ब लावून मेन स्विच पाडा आणि बल्ब पेटता राहतो का बघा. मग टीव्ही.