कमी वजनाच्या बाळाला घरी कसे सांभाळावे

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे, तर जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेल्या बाळाला कमी वजनाचे म्हणतात. त्याच्या त्वचेखाली चरबी फारशी नसल्याने ते लवकर गार पडते, आणि फुप्फुसे, आतडी व प्रतिकारशक्ती अपरिपक्व असल्यामुळे श्वास, पचन आणि जंतुसंसर्ग या तिन्ही बाबतींत त्याला जपावे लागते. दवाखान्यातून सुटी मिळते तेव्हा हे धोके कमी झालेले असतात, संपलेले नसतात.

सुरुवात उबेपासून करावी. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये उभे धरावे. श्वासमार्ग मोकळा राहावा म्हणून त्याची मान एका बाजूला वळवून किंचित मागे ठेवावी, पाय बेडकासारखे दुमडावेत आणि वरून स्वच्छ सुती कापडाने दोघांना नीट बांधून घ्यावे. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असे ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास ही पद्धत सुचवते. एवढे तास एकट्या आईकडून होणे अवघड आहे. म्हणून वडिलांनी आणि आजीनेही पाळी घ्यावी, आणि बाळाची झोप मोडू नये यासाठी एका बैठकीत निदान तासभर तरी ठेवावे.

दूध आईचेच द्यावे. साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे एकत्र साधत नाही. अंगावर ओढण्याची ताकद येईपर्यंत आईने दूध पिळून काढावे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने, उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बाटली टाळावी. दर दोन-तीन तासांनी, झोपलेले असले तरी उठवून पाजावे. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेतच द्यावेत.

आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपाची धुरी, शेगडी, घुटी आणि मध या गोष्टी प्रेमापोटीच येतात, परंतु नाजूक फुप्फुसांना धूर आणि अपक्व आतड्यांना घुटी सोसत नाही. अंघोळीची घाई करू नये. डॉक्टर सांगेपर्यंत कोमट पाण्याने पुसून घेणे पुरेसे आहे. बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

सर्वांत जास्त राहून जाते ती डोळ्यांची तपासणी. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा जन्मतः २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या नेत्रपटलातील रक्तवाहिन्या चुकीच्या पद्धतीने वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसत असतो. ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, अगदी लहान बाळांची त्याहूनही लवकर, झालीच पाहिजे. वेळेत सापडल्यास लेझरने किंवा इंजेक्शनने उपचार होतात. श्रवणचाचणीही त्याच सुमारास करून घ्यावी.

वाढ मोजताना मात्र वय दुरुस्त करून घ्यावे, म्हणजे पूर्ण ४० आठवड्यांपेक्षा बाळ जितके आधी जन्मले तेवढा काळ त्याच्या वयातून वजा करावा. ३२ आठवड्यांना जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तर त्याची तुलना चार महिन्यांच्या बाळाशी करावी. लसीकरण जन्मतारखेनुसारच चालते.

बाळ दूध ओढेनासे झाले, त्याची हालचाल मंदावली, अंग गार किंवा तापलेले लागले, मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास होऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, श्वास मध्येच थांबला, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटेतही बाळाला छातीशी कांगारू पद्धतीनेच धरावे आणि सुटीचे कार्ड सोबत न्यावे.