सुपरहिरोंचे जुने गेम खेळायचेत? मग असं करा

सुपरहिरोंचे पिक्चर बघून कंटाळा आला असेल, म्हणजे तेच आभाळाला पडलेलं भगदाड आणि तीच शेवटच्या अर्ध्या तासाची आदळआपट, पण हिरो मात्र अजून आवडत असतील, तर थोडे दिवस त्यांच्या जुन्या गेम्सकडे वळा. पिक्चरमध्ये हिरोची पॉवर नुसती पडद्यावर दिसली तरी भागतं, गेममध्ये ती दोन-चार बटणांत बसवून तुमच्या हातात द्यावी लागते, त्यामुळे बनवणाऱ्याला तो हिरो कळलाय का नाही हे पाच मिनिटांत उघडं पडतं. बजेट कितीही असो, इथे लपवता येत नाही.

आधी सेटिंगचं बघू, कारण निम्मे लोक इथेच वैतागून सोडून देतात आणि मग म्हणतात जुने गेम भंगार असतात. टीव्हीवर खेळणार असाल तर पहिल्यांदा टीव्हीचा गेम मोड चालू करा. आजकालचे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला वेळ घेतात, त्यामुळे तुम्ही उडी मारता आणि हिरो जरा उशिराने मारतो, आणि हे गेम तर अगदी मोक्याच्या क्षणाच्या उड्यांवरच बेतलेले. मग चित्राचा आकार ४:३ करा. डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसतील, दिसू दे, पण ताणून पूर्ण स्क्रीनभर केलेला जाडजूड बॅटमॅन बघवत नाही. एम्युलेटरवर (म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) असाल तर सीआरटीचा शेडर, म्हणजे जुन्या काचेच्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारं फिल्टर, लावून बघा, कारण तेव्हाचे पिक्सेल जुन्या काचेच्या टीव्हीवर थोडे पसरणार हे धरूनच काढलेले असायचे, आजच्या पॅनलवर ते उघडेनागडे दिसतात. आणि कंट्रोलरला चांगला डी-पॅड, म्हणजे अधिकच्या खुणेसारखं चार दिशांचं बटण, हवाच, अ‍ॅनालॉग स्टिकवर २डी गेम खेळणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं.

अजून एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. ९० च्या दशकातल्या बऱ्याच गेम्सच्या दोन आवृत्त्या असतात, ६० हर्ट्झची (चित्र सेकंदाला साठ वेळा बदलणारी) आणि युरोपातल्या टीव्हींसाठीची ५० हर्ट्झची. ही दुसरी पुष्कळदा नुसती हळू चालते, साधारण सहाव्या हिश्शाने, आणि गाणीसुद्धा रेंगाळतात. पर्याय असेल तर डोळे झाकून ६० वाली घ्या.

खरं कार्ट्रिज, म्हणजे मशीनमध्ये खोचायची गेमची डबी, हातात असेल तर त्यात फुंकर मारू नका, तोंडातली वाफ कॉन्टॅक्ट्सवर बसते आणि पुढे गंज धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, हलक्या हाताने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मगच लावायचं. एम्युलेटर स्वतः वापरण्यात गैर काही नाही, गेमच्या फायली मात्र कॉपीराइटच्या असतात, म्हणून जो गेम अधिकृतपणे पुन्हा आलाय तो तसाच घ्या. अडचण अशी की सुपरहिरोंच्या गेमला लायसन्स लागतं, ते संपलं की गेम दुकानातून गायब. कोनामीचा १९९२ चा एक्स-मेन आर्केड, सहा जणांनी एकाच मशीनवर उभं राहून खेळायचा तो, २०१० मध्ये घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर, आला होता आणि नंतर डिजिटल दुकानांतून काढून टाकला गेला. त्यामुळे मिळतंय तेव्हा घेऊन ठेवा.

आता कुठून सुरुवात करायची. मी तर म्हणतो थेट अटारी २६०० या जुन्या कन्सोलवरच्या १९७९ च्या सुपरमॅनपासून करा. चित्रं म्हणजे चौकोनी ठोकळे, आवाज म्हणजे बीप, पहिली दोन मिनिटं काय चाललंय तेच कळणार नाही, पण आयडिया बघा. सुपरमॅन मरतच नाही! क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याची शक्ती घालवणारा दगड, लागलं तर उडता येत नाही, मग त्याची मैत्रीण लोइसला गाठायचं की शक्ती परत. पुलाचे तुकडे गोळा करून पूल जोडायचा, खलनायक लेक्स ल्यूथर आणि त्याच्या गुंडांना पकडायचं, क्लार्क (म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन) बनून ऑफिसला परतायचं, आणि हे सगळं किती वेळात केलं एवढाच हिशोब. ज्या माणसाला काहीच होत नाही त्याच्या गोष्टीत टेन्शन आणायचं कुठून, या प्रश्नावर आजचे पिक्चरवालेसुद्धा अडखळतात आणि अजून मोठा राक्षस आणून मोकळे होतात, इथे उत्तर साधं आहे, तो हरणार नाही पण उशीर करू शकतो.

त्याच्यानंतर लगेच १९९९ चा निन्टेंडो ६४ वरचा सुपरमॅन दहा मिनिटं बघा, खेळू नका, कुणीतरी खेळतानाचा व्हिडिओ बघा. वीस वर्षं पुढचं हार्डवेअर, आणि काम काय तर हवेतल्या रिंगांमधून उडत जा. लांबचं शहर काढायची ताकद नव्हती म्हणून सगळीकडे धुकं, आणि त्याला गोष्टीत नाव दिलं क्रिप्टोनाइटचं धुकं. सगळ्यात वाईट गेमच्या याद्यांमध्ये हा आजही असतो आणि माझ्या मते तिथेच बरा आहे.

पण धुक्यालाच दोष देऊन चालणार नाही, कारण पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, नेव्हरसॉफ्टचा स्पायडर-मॅन आला प्लेस्टेशनवर. इथेही मशीनला रस्ते काढणं झेपत नव्हतं, इथेही धुकं आणलं, शहरावर विषारी वायू पसरलाय म्हणून खाली उतरायचं नाही, छपरांवरून जायचं. पण त्यामुळे तुम्ही आपोआप स्पायडर-मॅनसारखं वागायला लागता. भिंतीवर चढ, छताला लटक, वरून गुंडावर जाळं टाक. वर स्पायडर-मॅनच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या स्टॅन लींचा स्वतःचा आवाज. हा पूर्ण करा, लांबलचक नाहीये. कॅमेरा अधूनमधून डोक्यात जाईल तेवढा सहन करा.

बॅटमॅनसाठी सनसॉफ्टचा १९८९ चा, त्याच वर्षीच्या पिक्चरवर काढलेला. जांभळा बॅटमॅन बघून हसू येईल, पण भिंतीवर आपटून परत उडी मारायची सवय झाली की हात सुटणार नाही, आणि गाणी तर हेडफोन लावून ऐका. शेवटचा चर्चचा टॉवर मात्र रडवतो. इथे एम्युलेटरचं सेव्ह स्टेट (गेम हव्या त्या क्षणी जसाच्या तसा साठवून नंतर तिथूनच सुरू करायची सोय) वापरायला लाजू नका, फक्त एक नियम पाळा: लेव्हलच्या सुरुवातीला आणि बॉसच्या, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूच्या, आधी सेव्ह करायचं, प्रत्येक उडीनंतर नाही. प्रत्येक उडीला सेव्ह केलं तर गेम संपतो पण हाताला काही येत नाही. गेम मागे नेणारं रिवाइंडचं बटण तर सरळ बंदच करून ठेवा.

एक्स-मेनचे खूप आहेत, त्यातल्या एकाबद्दल आधीच सांगून ठेवतो. सेगा जेनेसिसवरच्या १९९३ च्या गेममध्ये एका ठिकाणी कॉम्प्युटर रिसेट करायला सांगतात आणि स्क्रीनवर तसं बटण कुठेच नाही. कारण रिसेट करायचा असतो तुमचा कन्सोल! खराखुरा, हलकेच बटण दाबून. एम्युलेटरवर सॉफ्ट रिसेट निवडा, पॉवर बंद-चालू केलंत तर सगळं गेलं. असला आगाऊपणा आज कुणी करेल असं वाटत नाही.

मारामारी आवडत असेल तर कॅपकॉमचे जुने मार्व्हल गेम २०२४ मध्ये एका कलेक्शनमध्ये आलेत, सात गेम, १९९३ च्या पनिशरपासून २००० च्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ पर्यंत. सुरुवात १९९५ च्या मार्व्हल सुपर हिरोजने करा, शेवटच्यात तीन-तीन जणांच्या टीम असतात आणि स्क्रीनवर एवढा गोंधळ की नवीन माणसाला आपण कुठे आहोत तेच सापडत नाही.

शेवटी २००४ चा स्पायडर-मॅन २. पीसीची आवृत्ती घेऊ नका, नाव तेच पण गेम वेगळा आणि बाळबोध आहे, प्लेस्टेशन २, गेमक्यूब किंवा एक्सबॉक्सचाच हवा. यात जाळं खऱ्या इमारतीला चिकटतं, म्हणजे जवळ इमारत नसेल तर झोका नाही, आणि कधी सोडायचं त्यावर वेग ठरतो. पहिले दोन-तीन दिवस मिशनला हात लावू नका, नुसतं शहरभर फिरा, आपटा, परत चढा, हात बसला की मग गोष्ट सुरू करा. पिझ्झा पोचवायचं काम आवर्जून करा, त्याचं गाणं डोक्यातून जात नाही. फुगा सुटला म्हणून रडणाऱ्या पोरांना मात्र खुशाल रडू दे.