जिनिंगचं सॉफ्टवेअर लिहायचं, तर आधी काट्यावर बसा

जळगाव, धरणगाव, बोदवड भागातल्या जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांसाठी, मी सॉफ्टवेअर लिहितो. कामाला येणाऱ्या नव्या पोरांना पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडू देत नाही. शेठ म्हणतात, "भाऊ, कापूस किती आला अन् पैसे किती द्यायचे, एवढं दिसलं म्हणजे झालं." ते खरंच असतं, पण त्यावरून एक स्क्रीनही बनत नाही.

दिवाळीनंतर आवक जोरात असताना दिवसभर वजनकाट्यावर बसा. भरलेल्या गाडीचं वजन होतं, माल खाली झाल्यावर रिकाम्या गाडीचं. मध्ये ग्रेडर कापूस हातात घेऊन बघतो आणि पावतीच्या कोपऱ्यात कटतीचा, म्हणजे ओलावा-कचऱ्यापोटीच्या वजावटीचा, आकडा लिहितो. तो आकडा कोण बदलू शकतं? शेतकऱ्याने हरकत घेतली तर? विचारा. परवानगी घेऊन मुनीमजींच्या वहीचे आणि कच्च्या पावत्यांचे फोटो काढा, खाडाखोड असलेल्या तर नक्कीच. खाडाखोड दिसली की तिथे काहीतरी अपवाद घडलेला असतो: अर्धी ट्रॉली खाली झाल्यावर भाव पटला नाही, माल एकाच्या नावावर आला आणि पैसे भावाच्या खात्यात मागितले. रोजचंच असल्यामुळे मीटिंगमध्ये हे कुणाला आठवत नाही.

मग सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं, त्या मागण्या लिहायला बसा. एका वाक्यात एकच मागणी, आणि ती तपासता आली पाहिजे. मागण्या कशा लिहाव्यात याच्या आयएसओ 29148 या आंतरराष्ट्रीय मानकातही हीच अपेक्षा आहे. "कटती बरोबर निघावी" हे तपासणार कसं? "सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा 12 टक्क्यांच्या वर असेल तर पावती छापू नये" हे तपासता येतं. प्रत्येक मागणीला क्रमांक द्या, कोणी सांगितली आणि का, हेही लिहा. हा "का" मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सीसीआय 8 ते 12 टक्के ओलाव्याचा कापूस घेते, खासगी खरेदीत व्यापारी आपलं ठरवतो. कारण लिहिलेलं नसेल तर पुढचा प्रोग्रामर तोच नियम दोन्हीकडे लावून मोकळा होतो.

एककं पहिल्याच आठवड्यात पक्की करा. कापूस क्विंटलमध्ये येतो, रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) भाव खंडीवर म्हणजे सुमारे 356 किलोवर बोलला जातो, गोदामात 170 किलोच्या गाठी मोजतात. साठवताना सगळं किलोत ठेवा, रूपांतर फक्त छापताना.

प्राधान्य ठरवायला 'मॉस्को' पद्धत आहे: हवंच, असावं, असलं तर बरं, सध्या नको. शेठ सगळं "हवंच"मध्ये टाकतात. तेव्हा एकच विचारा, "हे नसेल तर उद्या काटा थांबेल का?"

हंगामात बदल येणारच, तोही व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजवर. ऐकून लगेच कोड बदलू नका. कोणत्या क्रमांकांना धक्का लागतो, किती दिवस, किती रुपये, एवढं लिहून पाठवा आणि शेठचा लेखी होकार आल्यावरच काम धरा.

शेवटची तपासणी मुनीमजींसोबत करा. मागच्या हंगामातल्या पावत्यांचा गठ्ठा घ्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनाच भरू द्या. रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे. फरक आला तर आधी त्यांना विचारा. बरेचदा एखादा नियम त्यांच्या डोक्यात असतो आणि आपल्या यादीत नसतो. तो तिथेच नवा क्रमांक देऊन उतरवा, मग कोडला हात लावा.