व्हिडिओचा डबा बदला, आतला माल नको

एमकेव्ही फाइल टीव्हीवर चालत नाही म्हणून लोक ती थेट कन्व्हर्टरमध्ये टाकतात आणि तासभर वाट पाहून आधीपेक्षा धूसर चित्र मिळवतात. बऱ्याचदा याची गरजच नसते. एमकेव्ही, एमपी४, एमओव्ही हे नुसते डबे. खरं चित्र आत एच.२६४ किंवा एच.२६५ अशा कोडेकमध्ये, म्हणजे चित्र किंवा आवाज दाबून साठवायच्या पद्धतीत असतं. आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कोडेकची माहिती बघा. आत एच.२६४ आणि एएसी (हा आवाजाचा कोडेक) असेल, तर एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्राममध्ये 'कॉपी' पर्याय देऊन फक्त डबा बदला, म्हणजे एमकेव्हीचा एमपी४ करा. काम बहुतेक वेळा मिनिटभरात होतं आणि चित्राचा एक कणही बदलत नाही. (ब्लू-रेवरची चित्ररूपी सबटायटल्स मात्र एमपी४मध्ये जात नाहीत, ती आधी वगळा.)

कोडेकच बदलायचा असेल, तर दर्जात थोडी घट सहसा होतेच; 'लॉसलेस' म्हणजे काहीही न गमावणाऱ्या पर्यायाने ती टळते, पण फाइल अवाढव्य होते. हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्राममध्ये एक्स२६४ (एच.२६४ व्हिडिओ बनवणारा पर्याय) निवडून आरएफ हा दर्जाचा आकडा १८च्या आसपास ठेवा. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) मूळचेच राहू द्या. रूपांतर नेहमी मूळ फाइलवरूनच करा, कारण प्रत्येक फेरीत दर्जा आणखी घसरतो.