दुकानातल्या धान्याची कीड कशी आटोक्यात आली

दुकान घरचं, गिऱ्हाईक ओळखीचं. त्यामुळे शेजारच्या आजींनी आमच्याकडून नेलेल्या धान्यात सोंडे किडे दाखवले तेव्हा फार लागलं. पैसे लगेच परत दिले, पण कीड येते कुठून ते शोधायलाच हवं होतं.

सगळी पोती हलवली. भिंतीला टेकलेल्या एका पोत्याचा तळ दमट, शिवणीत पीठ साठलेलं, दाण्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मादी दाणा पोखरून आतच अंडं घालते, म्हणून चाळल्यावर फक्त बाहेरचे किडे जातात. उबदार हवेत महिन्याभरात पुढची पिढी तयार. औषध फवारायला मी तयार नव्हतो. लोकांच्या पोटात जाणारी वस्तू आहे.

किडकं पोतं बाहेर काढलं. फळ्यांच्या फटी ब्रशने खरवडून साफ केल्या. खरं काम हेच. बाकीची पोती लाकडी पाटांवर, भिंतीपासून हातभर लांब. प्रत्येकावर माल आल्याची तारीख, आणि जुनं आधी विकायचं. भावाला हे वेळखाऊ वाटायचं, आता तारखा तोच टाकतो.

थोडाच माल संशयास्पद असेल तर उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा, अंडीही मरतात. मात्र बाहेर काढलेली पिशवी गारवा जाईपर्यंत उघडू नका, दाण्यांना पाणी सुटतं.